पाच वाजताचा धूर

साकाइ, ३ ऑक्टोबर २००९

प्रिय नोबुए,

हवेत गारवा आला. समाधीच्या खंदकात बदकं उतरू लागली आहेत. काल मोजली, बावीस होती. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, तेव्हा आपलं पत्रांचंच बरं.

गेनकिचीचं कार्ड आलं. त्याच्या नेहमीच्या भाषेत: "सप्टेंबर. तीस दिवस, तीस वेळा धूर. अठ्ठावीसदा पाच वाजता, दोनदा साडेपाच." ते कार्ड मी काझुकोच्या उशाशी उभं करून ठेवलं. अर्धांगवायूनंतर तिची जीभ चालत नाही, पण डोळे वाचतात. वाचून झालं की ती पापण्या मिटते. म्हणजे तुझं बरं चाललं आहे हे तिला पोचलं.

आपलं ठरलं आहे तसंच मी वागणार. फेब्रुवारीत तू बर्फावर घसरलीस, तेव्हापासून नगर कार्यालयाच्या हिराओबाई माझ्यामागे लागल्या आहेत: भाऊ म्हणून सही करा, बहिणीला खाली गावातल्या वृद्धाश्रमात हलवू. मी त्यांना लिहिलं, की माझी बहीण रोज संध्याकाळी न्हाणीची चूल पेटवते आणि दरीपलीकडून गेनकिची तो धूर बघतो. पाणी भरणं, लाकूड फोडणं, चूल फुंकणं, एवढं जिला जमतं ती धडधाकट आहे. जोवर धूर दिसेल तोवर माझी सही मिळणार नाही. फॉर्म खणात आहे, पेन्सिलींच्या खाली.

मंगळवार-शुक्रवार दंडाला फीत बांधून मी लोकांना निंतोकु सम्राटाची समाधी दाखवतो. लोक हिरमुसतात. विमानातून काढलेल्या फोटोत ती कुलपाच्या भोकासारखी दिसते, आणि इथे येऊन पाहावं तर खंदकापलीकडे नुसती झाडी. भोवती फेरी मारायला तास लागतो, आत कुणालाच सोडत नाहीत. शिवाय आत खरोखर निंतोकुच आहे का, यावर विद्वानांचं एकमत नाही. परवा नागोयाच्या एक बाई म्हणाल्या, "मग आजोबा, तुम्ही रोज नमस्कार करता तो कुणाला?" मी म्हटलं, "धुराला." सगळे हसले, मग मी त्यांना गोष्ट सांगितली. राजा उंचावर चढला, खाली पाहिलं तर एकाही घरातून धूर नाही. म्हणजे लोकांकडे शिजवायलाच काही नाही, हे त्याने ओळखलं. तीन वर्षं वेठ आणि कर माफ केले. स्वतःचं छप्पर गळलं तरी शाकारलं नाही, गळेल तिथे भांडी ठेवली. पुन्हा चढून पाहिलं तेव्हा घराघरांतून धूर निघत होता.

घरी जाताना मी नगरभवनाच्या एकविसाव्या मजल्यावर जातो. तिथून सारं साकाइ दिसतं, आणि नोबुए, कुठेही धूर नाही. राजा आज चढला असता तर घाबरून सगळ्यांचा कर माफ करून बसला असता. मी मात्र आग्नेयेला बघतो. डोंगरांच्या सात-आठ रांगा, त्यांच्यामागे कुठेतरी तू. तुझा धूर इथून दिसत नाही, पण तो आहे हे ठाऊक असणं हेही दिसण्यासारखंच.

तुझा
दादा

*

सुगितानी, १४ ऑक्टोबर

दादा,

बदकं मोजायची तुला पेन्शन मिळते का रे?

वादळ येऊन गेलं ते टीव्हीवर बघितलं असशील. आमची दोन कौलं उडाली. झुलत्या पुलाच्या फळ्या गेल्या, म्हणून आता गेन-सान पलीकडे आणि मी अलीकडे. गाडीरस्त्याने वळसा घालून यायचं तर अर्धा दिवस, आणि त्याची गाडी त्याच्या सुनेने विकून टाकली. पोस्टाच्या भिंतीवर घातली होती त्याने. संध्याकाळी तो अंगणात येऊन टॉवेल हलवतो, मग मी हलवते. एवढ्या लांबून त्याचं तोंड दिसत नाही, तेवढं एक बरं आहे.

हिराओ येऊन गेली. बाई चांगली आहे, पण प्रत्येक वाक्य मला दोनदा सांगते, एकदा मोठ्याने आणि एकदा आणखी मोठ्याने. आश्रमाचं रंगीत पत्रक आणलं होतं. त्यात एक म्हातारी हाताने फुगा मारतेय.

"ही कोण?"

"आमच्याकडच्या आजी. ब्याण्णव वर्षांच्या आहेत."

"फुगा मारून काय होतं?"

"खांदे मोकळे होतात, आजी."

"माझे आहेत मोकळे," म्हटलं, आणि तिला चहा ओतला. बघत होती टक लावून. मग म्हणाली, "आजी, तुम्ही डावखुऱ्या का?" मी म्हटलं, "कधी कधी."

लाकडांची काळजी करू नकोस. वादळाने देवदाराचा एवढा पाला पाडलाय की परसात माझ्या कमरेइतका ढीग झालाय. पेटवायला सोपं पडतं. कुऱ्हाडीला हात लावावा लागत नाही.

आणि तुझ्या राजाच्या गोष्टीतली राणी कुठे गेली? लोकांना तिचं सांगत जा की. राजा म्हणतो, आता मी श्रीमंत झालो. राणी म्हणते, कुंपण पडलंय, छप्पर गळतंय, नेसूचं फाटलंय, आणि आपण श्रीमंत कसे? घरात राहणाऱ्या बाईला दिसतं ते डोंगरावर चढलेल्याला दिसत नाही. शाळेच्या नाटकात राणी ठेवलीच नव्हती. मला ते काम हवं होतं. ओकादाबाई म्हणाल्या, राणीचं बोलणं सणाच्या दिवशी शोभत नाही.

काझुकोवहिनीला गरम ठेव. पाय गार पडू देऊ नकोस तिचे.

नोबुए

*

साकाइ, ८ नोव्हेंबर

प्रिय नोबुए,

तुझ्या पत्राला देवदाराच्या पाल्याचा वास होता. की मला तसं वाटलं? काझुकोच्या नाकाशी धरलं, तिने बराच वेळ श्वास आत ठेवला.

ते नाटक तू काढलंस आणि माझा अख्खा आठवडा त्यात गेला. एकोणीसशे चाळीस, फेब्रुवारीची अकरा. साम्राज्याला सव्वीसशे वर्षं झाली म्हणून झेंडे लावले होते. मी दहा वर्षांचा राजा, कागदी मुकुट, उड्या मारायच्या लाकडी पेटीवर उभा. तू आठ वर्षांची, पडद्याच्या मागे शेगडी घेऊन बसलेली. पहिल्या प्रवेशात धूर काढायचा नाही, दुसऱ्यात काढायचा, एवढंच तुझं काम. ओकादाबाईंनी स्वतः रचलेलं गाणं सगळा वर्ग म्हणत होता. मला अजून येतं:

चढला राजा डोंगरमाथा, पाहे दूर दूर,
कोणाच्याही छपरावरती दिसेना तो धूर.
तीन वर्षं थांबे राजा, गळके घर, ओला ऊर,
घराघरांतुन चढला तेव्हा निळा निळासा धूर.

आणि मग पडद्यावरून काय धूर आला तुझा. ढगच्या ढग. मुख्याध्यापक खोकून बेजार झाले, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मी हात पसरून म्हणालो, "माझ्या प्रजेचं पोट भरलं." तेवढं एकच वाक्य होतं मला. ते मी आयुष्यात त्यानंतर कधी इतकं खात्रीने म्हटलेलं नाही. नंतर लाल-पांढरी मांजू वाटली. गोड पुरण होतं आत. राजा म्हणून मला दोन मिळाली. तुम्हा सगळ्यांना एकेक मिळालं असेल.

पुढे युद्ध हरलो आणि जेत्या अमेरिकनांच्या हुकमावरून त्याच ओकादाबाईंनी आम्हाला शाईत ब्रश बुडवून धडे काळे करायला लावले. राजाचा धडाही गेला. मी शेवटची ओळ तेवढी पातळ शाईने पुसली होती. उन्हात धरली की वाचता यायची. बाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

गेनकिचीचं कार्ड आलं. ऑक्टोबरचे एकतीस दिवस, एकतीस वेळा धूर, वादळाच्या दिवशीसुद्धा. यावेळी त्याने एक वाक्य जास्तीचं लिहिलंय: "नोबूचा धूर हल्ली पांढराशुभ्र निघतो, कापसासारखा." म्हाताऱ्या लाकूडतोड्याला कविता सुचू लागली बघ. मी ते वाक्य दिवसभर मनात घोळवत होतो. माझी बहीण डोंगरात बसून आभाळाला कापूस पुरवते.

यंदा वाळवलेली पर्सिमन आली नाहीत. तुझी फळं उशिरा पिकली का? काझुको दाराकडे बघते.

तुझा
दादा

*

सुगितानी, १ डिसेंबर

मास्तर,

नोव्हेंबर. तीस दिवस, तीस वेळा धूर.

कार्डावर मावणार नाही म्हणून पत्र. मला लिहिता येत नाही नीट, आपण शाळेत होतो तेव्हासुद्धा तुम्ही हसायचात, तर तसंच समजून घ्या.

मागे मी पांढरा धूर लिहिलं. तुम्हाला कळेल म्हणून लिहिलं होतं. तुमचं उत्तर आलं त्यात कापूस किती छान वगैरे होतं, म्हणजे तुम्हाला कळलं नाही. मी साठ वर्षं जंगलात काढली. सुक्या लाकडाचा धूर निळा असतो आणि पातळ. न्हाणीचं पाणी तापायला तास लागतो, म्हणजे तासभर निळा धूर. नोबूचा धूर पांढरा असतो आणि माझी एक सिगारेट ओढून होईपर्यंत संपतो. तेवढ्यात पिंपातलं पाणी कोमटही होत नाही.

झाडावर पर्सिमन तशीच लटकलेली आहेत. इथून लाल दिसतात. पाखरं खातायत. ती टॉवेल हलवते तो डाव्या हाताने.

पूल बंद आहे. मुलाला म्हटलं, गाडीने सोड. तो म्हणतो, रविवारी. दर रविवारी म्हणतो रविवारी.

मी कार्यालयाला काही सांगितलं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलेले आहात.

गेनकिची

*

साकाइ, ५ डिसेंबर

नोबुए,

तू आठ वर्षांची असताना शेगडीवर अन्न नव्हतं. नुसता ओला पाला होता. मला हे सत्तर वर्षं ठाऊक आहे, आणि दोन महिने मी तो धूर बघून, म्हणजे बघितल्याचं ऐकून, कविता करत बसलो. गाण्यातला धूर निळा होता. तुझा तेव्हाही पांढराच होता.

एवढंच विचारतो. पिंपात पाणी आहे का?

दादा

*

सुगितानी, १२ डिसेंबर

दादा,

नाही.

गेन-सानचं काम दिसतंय हे. मला वाटलं होतं म्हाताऱ्याचे डोळे गेले असतील. असो.

झऱ्यावरून येणारी नळी वादळात वाहून गेली. वर चढून जोडायची तर माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्या रात्री कौलं सावरायला गेले तेव्हा शिडीवरून आले खाली. हाड मोडलं नसावं, मोडलं असतं तर जास्त दुखलं असतं असं मी धरून चाललेय. डॉक्टरकडे गेले असते तर त्याने हिराओला सांगितलं असतं.

पिण्यापुरतं पाणी मी ओढ्यावरून किटलीने आणते. दिवसाला चार खेपा. भाताला पुरतं, अंग पुसायला पुरतं. पिंप भरायला अशा साठ किटल्या लागतील, मी हिशेब करून बघितला आणि गप्प बसले. आठ ऑक्टोबरपासून न्हायले नाही. लिहायला लाज वाटते, पण तू विचारलंस.

गुरुवारी भाजीची गाडी वरच्या रस्त्यापर्यंत येते. तोफू आणि सुके मासे मिळतात. उपाशी नाही मी.

म्हणून पाच वाजता पाला पेटवते. तुझ्या ओकादाबाईंनी शिकवलेलं एवढं एकच माझ्या कामी आलं. पाला नीट ओला पाहिजे, फार ओला नको, आणि वरून दाबायचा. तू कुठेतरी बसून "पोट भरलं" म्हणत असशील असं वाटायचं. बरं वाटायचं रे. खोटं असलं तरी.

आणि तुझी दोन मांजू मला माहीत आहेत. मी शेगडीतली राख विहिरीमागे टाकून परत आले तोवर टोपली रिकामी झाली होती. ओकादाबाई म्हणाल्या, अरेरे. सत्तर वर्षं झाली, मी काही मनात धरलेलं नाही. फक्त तू "एकेक मिळालं असेल" लिहिलंस, म्हणून सांगितलं.

सही करू नकोस. मागे एकदा हिराओ मला आश्रम दाखवायला घेऊन गेली होती. स्वच्छ आहे, माणसं गोड बोलतात. पण तिथे चार वाजता दिवे आपोआप लागतात. संध्याकाळ कुणी करावी लागत नाही तिथे, ती होते आपली. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून इथली संध्याकाळ मी करतेय. नवरा गेला त्या दिवशीही केली. मी उठून काडी ओढली नाही तर इथे संध्याकाळ होत नाही. एवढंच काम उरलंय माझं, तेवढं राहू दे.

एप्रिलपर्यंत काढते. मग खांदा बरा होईल.

नोबुए

*

साकाइ, २४ डिसेंबर

नोबुए,

रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी यायला निघालो होतो. म्हणजे पिशवी भरली. मग काझुकोला कुठे ठेवायचं याची चौकशी केली. दोन दिवसांसाठी ठेवून घेणारी जागा मार्चच्या मध्यात मिळेल म्हणाले. मुलाला होक्काइदोला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच जिन्यावरून बसत बसत उतरता, तुम्ही झऱ्यावर चढून नळी जोडणार?" मी पिशवी रिकामी केली. काझुको सगळं बघत होती.

मग मला वाटलं, माणूस मी नाही पाठवू शकत, पण पाणी तर पाठवता येईल. खालच्या गावातल्या नळवाल्याला फोन केला. तो म्हणाला, वाटेत बर्फ आहे, एप्रिलमध्ये बघू. म्हणून नगर कार्यालयाच्या पाणी विभागाला फोन केला. मी शिक्षक होतो, कार्यालयाशी कसं बोलावं ते मला येतं, असं मला वाटत होतं. तिथला माणूस म्हणाला, ती खाजगी नळी आहे आणि वर वस्ती एकाच घराची. मी म्हटलं, "घर एक असलं म्हणून काय झालं, माणूस ऑक्टोबरपासून पाण्यावाचून आहे."

त्याने माझं वाक्य शेजारी कुणाला तरी तसंच्या तसं सांगितलं. मग फोनवर हिराओबाई आल्या. म्हणाल्या, "ऑक्टोबरपासून?"

मी म्हटलं, "नाही, म्हणजे."

त्या म्हणाल्या, "गुरुजी, मला आता हे लिहून ठेवावं लागेल. हे ऐकल्यावर मला न ऐकल्यासारखं करता येणार नाही." बाईंचा आवाज चढला नव्हता. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला कळत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता हेही.

म्हणजे तू अडीच महिने धुरामागे जे झाकून ठेवलंस, ते मी एका वाक्यात उघडं केलं. ते वाक्यही मी चांगलं जोरात, शाळेतल्यासारखं म्हटलं.

त्या इथे फॉर्मची नवी प्रत पाठवणार आहेत. जुनी आहेच. मी ती पेन्सिलींच्या खालून काढून वर ठेवली आहे. सही केलेली नाही. पण न करून मी तुला काय देणार? चार खेपा ओढ्याच्या, जानेवारीच्या बर्फात, एका हाताने. दोन दिवस मी हेच बघत बसलो आहे. डोंगरावर चढावं आणि खाली काय चाललंय ते कळावं, इथपर्यंत गोष्ट खरी. पुढचं, म्हणजे उतरून काहीतरी करणं, त्याला राजा लागतो.

तू सांगशील ते करीन. लवकर लिही.

दादा

*

सुगितानी, २० जानेवारी २०१०

मास्तर,

नोबूने तुम्हाला लिहिलं नाही हे हिराओबाईने सांगितलं. तुमची सही पोचली हेही सांगितलं. मी काही म्हणत नाही. माझी बहीण असती तर मीही केली असती आणि मग जेवलो नसतो.

काल नेलं. बघितलं ते सांगतो.

सकाळी दहाला गाडी वरच्या रस्त्याला आली. हिराओबाई आणि ड्रायव्हर. मला वाटलं अर्ध्या तासात घेऊन जातील. तर ते दोघं प्लास्टिकचे कॅन घेऊन वर-खाली करायला लागले. गाडीतून घरात, गाडीतून घरात. मी मोजले, चोवीस कॅन. बर्फात ड्रायव्हर दोनदा पडला. काय चाललंय ते मला कळेना.

मग साडेअकराला धूर आला. निळा. सुक्या लाकडाचा. नोबूने न्हाणी मागितली होती, घर सोडायच्या आधी, आणि हिराओबाई हो म्हणाली. लाकूड ड्रायव्हरने फोडलं, काडी नोबूनेच ओढली म्हणे.

दीड तास निळा धूर होता, मास्तर. वारा नव्हता, सरळ वर गेला. मी थंडीत अंगणातच बसलो. सून म्हणाली, आत या. मी म्हटलं, थांब.

दोन वाजता ती बाहेर आली. डोकं टॉवेलात गुंडाळलेलं. मी माझा टॉवेल हलवला. तिचा डोक्याला होता, म्हणून तिने नुसता हात केला. डावा.

कॅलेंडरवर खूण केली. एकोणीस तारीख, एकदा, साडेअकरा ते एक. आता यापुढे खूण करायला काही नाही, तर फेब्रुवारीचं कार्ड येणार नाही. काळजी करू नका, मी बरा आहे.

गेनकिची

*

साकाइ, ७ फेब्रुवारी

प्रिय नोबुए,

पत्ता हिराओबाईंकडून घेतला. खोली क्रमांक सात, खिडकी नदीकडे, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी खांदा बघितला, हाड मोडलेलंच होतं आणि वेडंवाकडं जुळलंय, असंही म्हणाल्या.

तू उत्तर लिहिलं नाहीस तेव्हा मी तीन आठवडे थांबलो. मग सही केली. माझ्या आयुष्यातली सर्वांत स्वच्छ सही आली ती, एक रेघ हलली नाही. हाताला काही कळत नाही.

मंगळवारी समाधीजवळ एका पाहुण्यांच्या घोळक्याला गोष्ट सांगत होतो. दुसऱ्यांदा राजा चढतो, घराघरांतून धूर दिसतो, इथपर्यंत आलो आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. मी राणीचं सांगितलं. कुंपण पडलंय, छप्पर गळतंय, मग आपण श्रीमंत कसे? आणि तिथेच संपवलं. एक गृहस्थ म्हणाले, "मग राजा काय म्हणाला?" मी म्हटलं, "ते पुस्तकात आहे, घरी जाऊन वाचा." फीत काढून परत देऊन आलो. आता मंगळवार-शुक्रवार मी घरीच असतो. काझुकोचे पाय चोळतो. गार पडू देत नाही.

सोबत खोका आहे. लाल-पांढरी मांजू, सहा लाल, सहा पांढरी. साकाइत एकच दुकान अजून आधी सांगितलं की करून देतं. अकरा तारखेपर्यंत पोचतील असं पोस्टवाला म्हणाला. दोन तुझी. बाकीची, राख टाकायला गेल्यामुळे ज्यांना मिळाली नसतील त्यांना दे.

क्षमा मागावी, असं मनात येतं, पण कशाची मागायची ते ठरत नाही. सही केली त्याची, की तीन महिने केली नाही त्याची.

तुझा
दादा

*

वृद्धाश्रम, खोली सात, १४ फेब्रुवारी

दादा,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. उजवा इथे रोज एक मुलगी वर-खाली करते. फुगा पण मारते मी. ब्याण्णव वर्षांची ती आजी माझ्या समोरच बसते, तिचं नाव त्सुया. लबाड आहे, माझ्या नाकावर मारते.

तुझ्या पत्राला मी उत्तर मुद्दामच दिलं नव्हतं. कर म्हटलं असतं तर ते माझं ठरवणं झालं असतं, नको म्हटलं असतं तर तू आयुष्यभर ओढ्याकडे बघत बसला असतास. म्हटलं, एकदा तरी राजाने स्वतः ठरवावं.

इथे पाच वाजता जेवण येतं. गरम असतं. ते कुठे शिजतं ते मला अजून कळलेलं नाही. मी खिडकीतून छप्पर बघितलं, धुराडंच नाही. आधी पाच वाजले की मी उठायचे. आता उठत नाही. हात मात्र काडेपेटी शोधतो.

खोका अकरा तारखेला बरोबर पोचला. पण बाहेरचं खाणं इथे चालत नाही. मांजू तर नाहीच. घशात अडकतात म्हणे म्हाताऱ्यांच्या, मागच्या वर्षी कुणाचं तरी तसं झालं. पोरीने खोका दाराशी आणला, झाकण उघडलं, मला दाखवला आणि कार्यालयात घेऊन गेली. तिचा काही दोष नाही. तिलाच रडू येत होतं, मलाच तिला म्हणावं लागलं की जा बाई, घेऊन जा.

छान होती. लाल लाल होती आणि पांढरी पांढरी. सगळी बारा होती, मी मोजली.

तुझा राजाही लांबूनच बघायचा ना रे?

नोबुए